झबलं घातलेलं चाक

आमचे दत्ताराम भावोजी चाक बघायला निघाले की पिशवीत मिक्सरचं कव्हर घेऊन निघत. फुलाफुलांचं, खाली झालर लावलेलं. दुकानदाराने चाक काउंटरवर ठेवलं की भावोजी आधी त्याला ते कव्हर घालत, लहान मुलाला झबलं घालावं तसं. झालर नीट करत. मग पाठ फिरवून दारापर्यंत चालत जात आणि तिथून एकदम गर्रकन वळून बघत.

"अचानकच बघायला लागतं, विलासराव," ते मला समजावत. "हळूहळू बघितलं तर कुठलीही वस्तू गरीबच दिसते."

चाक म्हणजे कुंभाराचं चाक. पण ओट्यावर किंवा टेबलावर ठेवता येईल, विजेवर फिरेल आणि वेळ आली तर काखेत मारून पळता येईल असं. असली छोटी चाकं तेव्हा, नव्वदच्या पुढेमागे, नुकतीच दिसू लागली होती. हौशी लोक घेत. हौशी लोकांना चाक चाकासारखं दिसलेलं चालतं. भावोजींना चालत नव्हतं. फिरायला ते चाक हवं होतं आणि दिसायला दुसरं काहीही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुशीलाताईचे यजमान. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचे. जुना नट आणून दाखवल्याशिवाय नवा नट द्यायचे नाहीत. साहेबाने एकदा नवा टॉवेल मागितला तर "जुना?" म्हणून हात पुढे केला होता. जातीने आमच्यातलेच, कुंभार, पण त्यांच्या वडिलांनी चाक सोडून मिठागरावर मुकादमी धरली, त्यामुळे भावोजींच्या हाताला माती अशी लागली नव्हती. मात्र त्यांच्या आई, ज्यांना आम्ही आत्या म्हणायचो, त्यांनी चाक सुटलं तरी चाकाचे नियम सोडले नव्हते. चाक म्हणजे देव. बाईने माती मळावी, राख चाळावी, भट्टी लावावी, डोक्यावर पाटी घेऊन बाजारही करावा. चाकावर बसू नये. बसली तर भट्टीत मडकी फुटतात. आत्यांच्या घरात भट्टीच नव्हती, तरी त्या हे बजावून सांगत.

आणि भावोजींना चाक हवं होतं ते ताईसाठी.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायचं तर मला माझंच सांगावं लागेल. इतकी वर्षं टाळलं. आता टाळत नाही.

पेणचे म्हटलं की लोक गणपतींचं विचारतात. आम्ही गणपतीवाले नव्हे, मडकीवाले. पडवीत बाबांचं चाक होतं. मुलगा म्हणून बाबा मला चाकावर बसवायचे आणि माझं मडकं उभं राहायच्या आधीच पेंगायला लागायचं. ताई माती मळायची. बाबा बाजाराला गेले की ती पटकन चाकावर बसायची. तिच्या हाताखाली माती कशी गप सरळ वर यायची! आलेलं मडकं ती लगेच मोडायची आणि गोळ्यात मिसळून टाकायची. मी बाबांकडे कधी चहाडी केली नाही, आणि कितीतरी वर्षं मला त्याचाच अभिमान होता. खरं तर सांगायलाच हवं होतं. हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हिला बसवा, एवढंच. बाबा चिडले असते. कदाचित नसतेही.

पुढे मी पतपेढीत चिकटलो. बाबा गेले. पडवीत स्कूटर लावायची म्हणून मी चाक कोलाडच्या एका हॉटेलवाल्याला देऊन टाकलं. त्याला शोभेला असलं काहीतरी हवंच होतं. ताईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती 'दे' म्हणाली असती. पण मग मला तिच्याकडे बघावं लागलं असतं.

एकदा लग्नाहून परतताना आमची गाडी नेमकी त्या हॉटेलवर थांबली. ताई, भावोजी आणि मी एका टेबलाशी बसलो. हॉटेलवाल्याने चाकावर काच टाकून टेबल केलं होतं. काचेखाली बाबांनी ठोकलेली लोखंडी पट्टी होती. काचेवर सॉसची बाटली. ताईने ओळखलं. तळवा काचेवर ठेवून ती हळूहळू गोल फिरवत राहिली.

पोऱ्या फडका घेऊन आला. "मावशी, हात काढा जरा."

तिने हात काढला.

भावोजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि वडे मागवले. पुढच्या रविवारी ते पेणला माझ्या दारात उभे. खांद्याला पिशवी, पिशवीत झबलं. "चला विलासराव, चाक घ्यायचंय. आईला कळता कामा नाय."

पहिलं चाक पेणच्याच एका प्रदर्शनात बघितलं. मुंबईचा टाय लावलेला विक्रेता, पांढरंशुभ्र मशीन. भावोजींनी झबलं घातलं, गर्रकन वळले, समाधान झालं नाही. मग त्यांनी दारातून जाणाऱ्या एका मीठवाल्या बाईला हाक मारली.

"ओ मावशी, त्या टेबलावर काय हाय सांगा."

"कुंभाराचं चाक नाय का ते? फ्रॉक का घातलाय त्याला?"

भावोजींनी मुकाट्याने झबलं काढून घेतलं. "माल चांगला हाय," ते विक्रेत्याला म्हणाले, "पण याच्या तोंडावर लिहिलंय."

विक्रेत्याने खरंच वाकून मशीनचं तोंड बघितलं.

'तोंडावर लिहिलंय' हा त्यांचा शेरा त्या वर्षात मी इतक्यांदा ऐकला की पतपेढीत कर्जदारांकडे बघतानाही मला तो आठवू लागला. एक चाक गोल होतं म्हणून तोंडावर लिहिलेलं. भावोजींनी दुकानदाराला "चौकोनी नाय का?" असं विचारलं. एक दिसायला बरं होतं, पण उचलायच्या परीक्षेत नापास झालं. ती परीक्षा अशी, की मी दारात उभा राहून आत्यांच्या आवाजात "सुशे, काय चाललंय गो?" असं ओरडायचं आणि भावोजींनी चाक उचलून गोणींच्या मागे ठेवून हात पुसत बाहेर यायचं. वाशीच्या दुकानातलं हे चाक उचललं, तर चाकाबरोबर वायर आणि वायरीबरोबर भिंतीवरचं बटणही निघून आलं.

हमरापूरला तर ते हरखलेच. गणपती रंगवायला मूर्ती ज्यावर ठेवतात तो फिरता पाट त्यांनी बघितला. "विलासराव, याच्या तोंडावर काय पण लिहिलेलं नाय!" त्यांनी त्यावर मातीचा गोळा ठेवून हाताने पाट फिरवला. गोळा जरासा फिरला आणि थांबला. मूर्तिकार हातातला ब्रश खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, याच्यावर मडकं नाय व्हायचं. याच्यावर फक्त देव फिरतो, तो पण आपल्याला हवा तेवढाच."

शेवटी रोह्यातच काम झालं. स्टेशनाकडे विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा एक मिस्त्री होता. त्याच्याकडे इडलीचं पीठ वाटायचा टेबलावरचा ग्राइंडर मोडीत पडला होता. त्याचं भांडं आणि दगड काढून वर चकती बसवायची, असं ठरलं. पहिल्या दिवशी मिस्त्रीने मिक्सरची मोटार लावली. बटण दाबताच गोळा चकतीवरून जो सुटला तो थेट समोरच्या न्हाव्याच्या आरशावर जाऊन बसला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं. भावोजी मात्र चकतीकडेच बघत होते. "फिरतंय झकास," ते म्हणाले, "आता थोडं माणसात आणा." मग मिस्त्रीने मोटार बदलली आणि शिलाई मशीनचं पायपेडल जोडलं. झबलं घातलं. भावोजी दारापर्यंत गेले, गर्रकन वळले. न्हाव्याला बोलावून विचारलं.

"ग्राइंडर हाय," न्हावी आरसा पुसत म्हणाला. "पण परत चालू करू नका."

भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

ग्राइंडर घरी आला. आत्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "मग वाट की गो डाळ." हा विचार आम्ही कोणी केलाच नव्हता. तेव्हापासून दर रविवारी भावोजी पहाटे उठून स्टेशनाजवळच्या उडप्याकडून डब्यात पीठ आणायचे, मागच्या दाराने आत घ्यायचे आणि नुसती चकती घरघर फिरवायचे. आत्या इडली खायच्या आणि म्हणायच्या, "यंत्राची इडली ती. जरा मातकटच लागते."

एवढं सगळं झालं, आणि ताई चाकाला हात लावेना.

"माझं वय का आता खेळायचं?" ती म्हणायची आणि कणीक मळायला घ्यायची. भावोजी आग्रह करत नव्हते. अशाच एका रविवारी मी रोह्याला गेलो होतो. आत्या पुढल्या ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. भावोजींनी स्वयंपाकघराचं दार लोटलं, कंपनीचा जुना शर्ट चढवला आणि स्वतःच चाकाशी बसले. गोळा ठेवला, पेडल दाबलं. मडकं थोडं वर आलं आणि फतकल मारून बसलं. ताई पाठ करून भाजी निवडत होती. दुसरं बसलं.

"पाणी लय घेताय," ती मागे न बघता म्हणाली.

तिसरं एका बाजूला झुकलं.

"अहो, अंगठा! अंगठा कुठं घालताय?"

"मला काय कळतं? मी स्टोअरवाला."

चौथं पडलं तेव्हा ताई भाजीचं ताट सरकवून उठली. "सरका तिकडं. मातीचा जीव घ्याल."

ते लगेच उठले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. मीही गेलो. बाहेरून आत्यांचा आवाज आला, "बारीक वाट गो, सुशे!"

भावोजी नखांतली माती काडीने काढत होते. मी कधीच चांगला कुंभार नव्हतो, पण कुंभाराचा मुलगा आहे. त्यांच्या तळव्यांखाली गोळा बरोबर मधोमध बसला होता. मडक्याची भिंत सारखी वर येत होती. मग त्यांचा अंगठा आत गेला होता, आणि तो आपणहून गेला नव्हता.

"भावोजी, मुद्दाम पाडलीत."

"हळू बोला."

"शिकलात कधी?"

"सेकंड शिफ्ट असली की सकाळी जायचो, नदीपल्याड एका म्हाताऱ्या कुंभाराकडे. पाडायचं म्हटलं तरी आधी उभं करता यायला लागतं, विलासराव. नायतर तिला लगेच कळलं असतं. कुंभाराची पोर हाय ती." ते बोटांकडे बघत हसले. "जमायला लागलं तसं आवडायला पण लागलं होतं हो. दोन-चार तर बरी झाली होती. त्या म्हाताऱ्यालाच ठेवून घ्यायला सांगितली."

"मग बसा की तुम्हीही अधूनमधून."

"आता कसा बसू? मला जमत नाय, हे तिने बघितलं ना."

आत मोटारीचा आवाज बदलला. आधी अडखळत होता, मग एका सुरात लागला आणि तसाच राहिला. मी उठलो. मला आत जाऊन ताईला कोलाडचं सांगायचं होतं, पडवीचं सांगायचं होतं. भावोजींनी मातीच्या हाताने माझं मनगट धरलं.

"आत्ता नको," ते म्हणाले. "आपल्याला बघितलं की ती मोडून टाकेल."

मी खाली बसलो. ताई आत मडकं करत होती आणि आम्ही दोघं कुंपणाकडे बघत होतो.