सुपडूबरोबर नापास झालेले

निंबखेडे गावात १९९३ सालच्या फेब्रुवारीपर्यंत नववी नापास असलेला एकही प्रतिष्ठित माणूस नव्हता. मार्चअखेर असे अकरा झाले. ही प्रगती लीलाधर भारंबे याच्या डोळ्यांदेखत झाली, आणि तिचा सगळा खर्च त्याच्याच नावावर पडला.

लीलाधर गणिताच्या शिकवण्या घेई. घराच्या पडवीत सतरंज्या टाकून सकाळी दहावी, संध्याकाळी नववी. दारावर पत्र्याची पाटी होती: ‘भारंबे क्लासेस. संचालक आयुष्यात एकदाही नापास झालेले नाहीत.’ हे वाक्य खोटं होतं. १९८० साली नववीला लीलाधर नापास झाला होता, आणि तोही गणितातच. लग्नाच्या वेळी त्यानं हे सासऱ्यांपासून लपवलं आणि पुढं सहा वर्षं बायकोपासून. गावापासून लपवावं लागलं नाही. त्या वर्षी कोण नापास झालं हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, असं गावाला तेव्हा वाटलंच नव्हतं.

मग एका सकाळी जळगावच्या पेपरात बातमी आली. मूळचा निंबखेड्याचा आणि भुसावळच्या रेल्वे मैदानावर तयार झालेला जलदगती गोलंदाज सुपडू झोपे याला इंग्लंडातल्या एका क्लबानं पगारी खेळाडू म्हणून करारबद्ध केलं होतं. सोबत सुपडूचा फोटो होता. फोटोत तो हसत नव्हता, त्यामुळे तो मोठा माणूस झाला आहे याविषयी कोणाला शंका उरली नाही.

सुपडूच्या नावावर गावात तोपर्यंत जमा होतं ते एवढंच: मारुतीमागच्या चिंचा, शाळेची फुटलेली कौलं आणि नववीचा निकाल. निकालानंतर बापानं त्याला शाळेतून काढलं, भुसावळला मामाकडे पाठवलं आणि गावानं सुटकेचा श्वास टाकला. पण ‘पगारी’ या शब्दात फार ताकद असते. खेळायचे पैसे मिळतात हे वाचल्यावर एसटी स्टँडवर एकेकाला आठवू लागलं. शाळेचा बाक दोघांचा असतो. संध्याकाळच्या यावल गाडीपर्यंत सुपडूच्या बाकावर चाळीस जण बसून झाले होते.

एवढी गर्दी शिस्तीत आणायला समिती लागते. ती झाली. ‘सुपडू झोपे वर्गमित्र सत्कार समिती’, अध्यक्ष केळीचे अडते रतिलालशेठ. शेठचं वय एक्केचाळीस आणि सुपडूचं अठ्ठावीस, हा मुद्दा पहिल्याच बैठकीत कोणीतरी काढला.

“तेरा वर्षं मी नववीत होतो,” रतिलालशेठ शांतपणे म्हणाले. “घरचे म्हणत होते, सोड. मला आतून वाटायचं, कोणीतरी येणार आहे.”

मग दुसरा मुद्दा निघाला. त्या वर्षी जे नववी पास झाले, त्यांचं काय?

“ते दहावीत निघून गेले,” शेठ म्हणाले. “सुपडूला मागं टाकून गेले. अशा माणसांना वर्गमित्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सुपडूबरोबर जो नापास झाला, तोच त्याचा वर्गमित्र.”

ठराव एकमतानं मंजूर झाला. दुसऱ्या दिवसापासून हायस्कूलच्या व्हरांड्यात चांगल्या घरची माणसं नापास झाल्याचा दाखला मागायला उभी राहू लागली. डॉक्टरांनी दवाखान्याच्या पाटीवर एमबीबीएसच्या खाली ‘नववी नापास, १९८०’ असं रंगवून घेतलं. त्यानंतर रोगी वाढले असं कंपाउंडर सांगत असे. वकिलांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र स्वतःच केलं. सोसायटीचे चेअरमन मात्र रागावून परत आले. रतिलालशेठना सात विषयांत नापास दाखवलं आणि त्यांना सहाच विषयांत, हा पक्षपात नाही तर काय?

मुख्याध्यापक तोताराम नेहेते यांची अडचण वेगळी होती. १९८० चं निकालपत्रक वाळवीनं खाल्लं होतं, त्यामुळे माणसांच्या बाबतीत त्यांचे हात मोकळे होते. पण ऑफिसच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेला तक्ता शाबूत होता. इयत्ता नववी, १९८०: बसलेले सहासष्ट, पास पंचावन्न. म्हणजे नापास अकरा, आणि हाच आकडा तेव्हा जळगावला कळवलेला.

“शासनाकडे गेलेला आकडा बदलता येत नाही,” नेहेतेसर प्रत्येकाला समजावत. “माणसं बदलता येतात.”

इकडे लीलाधरला झोप लागेना. सुपडूच्या बाकावर खरोखर बसलेला माणूस तोच होता. सत्काराच्या दिवशी तो बाक स्टेजवर मांडणार होते आणि सुपडूच्या शेजारी त्यावर वर्गमित्र बसणार होते. तेरा वर्षांनी तिथं पुन्हा बसायचं असेल, तर आधी नापास असल्याचं कबूल करणं भाग होतं. त्यानं सुरुवात घरापासून केली.

बायको सुनंदाबाई चुलीवर भरताची वांगी भाजत होती.

“एक सांगायचं आहे,” लीलाधर म्हणाला. “मी नववीत नापास झालो होतो.”

“त्यात काय सांगता. आता बठ्ठं गावच होऊन राह्यलं.”

“मी खरोखर झालो होतो. गणितात.”

सुनंदाबाईनं वांगं उलटलं. “मंग माह्या बापाले शाळेत पयला नंबर होता म्हनून कोनं सांगितलं?”

“माझ्या मामांनी.”

“आन् तुमी तवा काय करत होते?”

“चहा पीत होतो.”

त्या रात्री लीलाधरला भरीत वाढण्यात आलं, पण त्यावर तेल नव्हतं. सकाळी सुनंदाबाई दळण घेऊन चक्कीवर गेली आणि तिथं पीठ पडेपर्यंत बातमीही बारीक दळून झाली. दुपारी पहिल्या आल्या भिकुबाई. त्यांचा नातू नववीच्या शिकवणीला होता.

“सर, मी पोऱ्याले घेऊन चालली.”

“का हो अक्का? गावातले सगळे मोठे लोक नापास आहेत.”

“शेठले शोभतं. त्याले केळी विकनं हाये. तुमी गनितात नापास होऊन गनित कसं शिकोता?”

संध्याकाळी सतरंज्यांवर कोणी नव्हतं. लीलाधरनं दारावरची पाटी उतरवली आणि तडक शाळा गाठली.

“सर, १९८० ला मी नापास होतो. तुम्हीच केलं होतं.”

“पुरावा?” नेहेतेसरांनी विचारलं.

“गणित तुम्ही शिकवत होता. मला चौदा दिले होते.”

“चौदा मी पुष्कळांना देत असे. त्यातून काही सिद्ध होत नाही.” सरांनी चष्म्यावरून भिंतीकडे बोट केलं. “आणि उशीर केलात. अकरा जागा होत्या, अकराही भरल्या.”

“मग मी कोण?”

“तुम्ही गणिताचे मास्तर. सहासष्टातून अकरा गेले, राहिले किती?”

“पंचावन्न.”

“ते पास. तुम्ही त्यांच्यात. अभिनंदन.”

आणि नेहेतेसरांनी त्याला प्रथम प्रयत्नात नववी पास झाल्याचा दाखला शिक्क्यासह दिला. शाळेत असताना हाच कागद मिळावा म्हणून लीलाधरनं मारुतीला अकरा शनिवार बोलले होते.

आता हिशेब असा होता: लीलाधर घरी नापास होता आणि गावात पास. नापास म्हणून शिकवणी बसली आणि पास म्हणून बाक गेला.

सत्काराचा दिवस उजाडला. बाक मूळचा चार फुटांचा. त्यावर अकरा जण मावेनात म्हणून सुताराकडून दोन्ही बाजूंना जोड देऊन तो वीस फुटांचा केला होता. अकरा नापास गुलाबी फेटे बांधून ओळीनं बसले. मधोमध रतिलालशेठ. त्या वर्षी पास झालेल्यांची सोय मागे, सायकल स्टँडजवळ, सतरंजीवर होती. तिथं लीलाधर एकटाच होता. बाकीचे पास झालेले कधीच नाशिक-पुण्याला नोकऱ्यांवर निघून गेले होते.

सुपडू भुसावळहून जीपमधून आला. लांब हातांचा, उन्हानं रापलेला. स्टेजवर चढून त्यानं बाकाची या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहणी केली.

“हे कोन लोकं हायेत?” त्यानं नेहेतेसरांना विचारलं.

“तुझे वर्गमित्र.”

सुपडू रतिलालशेठसमोर थांबला. “शेठ, तुमी तं तवा वखारीत केळीचे घड मोजत होते. मी उन्हाळ्यात तुमच्याकडे गाड्या भरायले यायचो.”

“शाळा सुटल्यावर मोजायचो,” शेठ म्हणाले.

सुपडूनं माइक हातात घेतला. लोकांना वाटलं, आता आईवडिलांचे आणि गुरुजनांचे आभार येणार.

“भारंब्या कुठं हाये?”

सायकल स्टँडजवळ एक हात हळूच वर झाला.

“हा आन् मी एका बाकावर होतो,” सुपडू सांगू लागला. “वार्षिक परीक्षेले ह्याचा गनिताचा पेपर मी जसाच्या तसा उतरवला. दोघाले चौदा-चौदा पडले. बापानं मले भुसावळले हाकललं. मामाचं घर रेल्वेच्या मैदानाले लागून. तिथं बॉल हातात आला. ह्यानं त्या दिवशी चार गनितं बरोबर सोडवली असती, तं मी पास झालो असतो आन् आज शेठच्या वखारीत घड मोजत राह्यलो असतो. भो, वर ये. इथं बस.”

लीलाधर उठला. पण बाकावर कोणी सरकेना.

“जागा नाही,” रतिलालशेठ म्हणाले. “मंजूर अकरा आहेत.”

“आणि भारंबे पास आहेत,” नेहेतेसरांनी माइकवर खुलासा केला. “शाळेनं तसा दाखला दिलेला आहे.”

“पास कसा? आमचा दोघांचा पेपर एकच होता,” सुपडू म्हणाला.

लीलाधर तोपर्यंत स्टेजच्या पायऱ्यांपाशी पोचला होता. त्यानं सवयीनं बाकावरचे फेटे मोजले आणि वर्गात विचारतात तशा आवाजात विचारलं, “सर, अकरा तिकडे बसलेत. मग सुपडू कितवा?”

नेहेतेसरांनी बोटानं फेटे मोजले. पुन्हा उलट्या बाजूनं मोजले. डॉक्टरांनी खाली पाहिलं. चेअरमन बाकाला घट्ट धरून बसले. अखेर सरांनी कोटाचं बटण लावलं.

“शासनाकडे गेलेला आकडा अकरा आहे,” ते म्हणाले. “तेव्हा श्री. सुपडू झोपे हे १९८० साली नववी प्रथम प्रयत्नात पास झाले होते, हे शाळा या ठिकाणी अभिमानानं जाहीर करते.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ओसरल्यावर रतिलालशेठ सुपडूच्या कानाशी आले. त्यांना फार जड जात होतं, पण समितीचा ठराव स्पष्ट होता. त्या वर्षी जो पास झाला, तो सुपडूचा वर्गमित्र नव्हे. सबब सुपडूला त्या बाकावर बसता येत नव्हतं.

“आपली व्यवस्था मागे केलेली आहे,” शेठ अदबीनं म्हणाले.

सुपडू खाली उतरला, पायऱ्यांपाशी उभ्या लीलाधरला घेऊन मागे गेला आणि सायकल स्टँडजवळच्या सतरंजीवर त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. स्टेजवर अकरा जणांनी एकमेकांना हार घातले. भाषणं सुरू झाली.

“भारंब्या, ते चौदा तरी कुठून पडले रे?” सुपडूनं हळूच विचारलं.

“आठ भूमितीचे. सहा मार्जिन नीट आखल्याचे.”

“मार्जिनबी म्या तुह्यावरूनच मारली होती.”

दोघं तोंडावर हात धरून हसू लागले. तेव्हा एका स्वयंसेवकानं येऊन त्यांना गप्प बसायला सांगितलं. हेही तेरा वर्षांपूर्वीसारखंच झालं. रात्री सुनंदाबाईनं दोघांना भरीत वाढलं. त्यावर तेल होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भिकुबाई नातवाला घेऊन दारात हजर.

“सर, ह्याले परत घ्या.”

“गणित शिकवतो, अक्का.”

“गनित नको. सुपडूले पेपर दाखोला, तसं काय ते दाखवा.”

दुपारपर्यंत पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हापासून भारंबे क्लासेस जोरात चालतात. एखादं उदाहरण चुकून बरोबर सुटलं, तर पालक भेटायला येतात.

आता हे वाचताना आपल्यालाही एखादा सुपडू आठवला असेल. पेपरात फोटो पाहून आपण शेजाऱ्याला सांगितलं असेल, हा माझ्याच बाकावर बसायचा. बसतही असेल. पण निंबखेड्याचा बाक भरला आहे आणि आकडा शासनाकडे गेला आहे. आपण त्या वर्षी पास झालेले आहात. मागे, सायकल स्टँडजवळ, सतरंजी घातलेली आहे.