पोह्यातली मोहरी

सुशीलाकाकूंना पोहे द्यायचे म्हणजे जिवाला ताप. आधी त्या बोटाच्या टोकानं एकेक मोहरी वेचून बशीच्या काठाला लावणार आणि मग ते गारढोण पोहे खाणार. त्यांच्या स्वतःच्या फोडणीत नुसतं जिरं. विचारलं तर म्हणतात, सोसत नाही.

भूम गावात त्या आमच्या शेजारी राहतात. एकट्याच. अंगणवाडीतून निवृत्त झाल्या तशा भुतांच्या गोष्टी लिहायला लागल्या. बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता भाजीवालीला विचारतात, तुमच्या गावात कुणाला काही दिसतं का? ती बिचारी वर कोथिंबीर फुकट देऊन त्यांना वाटेला लावते.

बरं, यांची भुतं तरी धड असावीत! कुणाचा गळा धरत नाहीत की झाडाला लटकत नाहीत. घरी येतात, चुलीपाशी बसतात, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवतात. असल्या भुताला कोण भिणार, म्हटलं की काकूंचं ठरलेलं उत्तर, "भ्यायचं कशाला? घरचंच माणूस हाय."

यंदा पुण्याच्या एका दिवाळी अंकानं त्यांची गोष्ट घेतली. काकूंनी गल्लीभर पेढे वाटले. मग संपादकांचा फोन आला, शेवट बदला. गोष्टीत बाळंतपणात गेलेली बाई लेकराकडं परत येते. आपल्याकडं अशी बाई गेली की तिच्या मागं वाटेवर मोहरी टाकायची रीत होती. दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला घरी येता येत नाही म्हणतात. संपादकांना तेच हवं होतं. गावानं मोहरी टाकावी, ती वेशीवरच अडावी. काकूंनी सरळ नाही म्हणून सांगितलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा नाव छापून येणार होतं, तेही घालवलं.

माझं डोकंच फिरलं. आम्हा दोघींचे पोहे घेऊन गेले आणि ताडकन बोलले, की कागदावर चार दाणे टाकले असते तर काय बिघडत होतं?

काकू वेचतच होत्या. मान वर केली नाही.

"माझ्या येळच्या बाळंतपणातच आई गेली. गावानं मोहरी टाकली तिच्या मागं. लई टाकली म्हणं."

त्यांनी आणखी एक दाणा बशीच्या काठाला लावला.

"अजून वेचतच असंल ती," काकू म्हणाल्या. "मी आपला इथून हातभार लावते."

मला रडूच आलं. डोळे पुसले, माझी बशी पुढं ओढली आणि मीही वेचायला बसले. पोहे गार झाले, पण दोघींनी एक दाणा मागं ठेवला नाही.