साखर सोडा आणि ताहोऽऽ!

आवाज असावा तर आन्सेल्मोसारखा! असं कोण म्हणायचं? आन्सेल्मोच! फिलिपिन्समधल्या मारिकिना शहराच्या त्या गल्लीत दुसरं कुणी म्हणायला तयार नव्हतं, मग काय करणार बिचारा!

अशात त्याला ऑडिओबुक वाचायचं काम मिळालं. डॉक्टर व्हियारुझ यांचं 'साखर सोडा, सुखानं जगा'. ऐकणाऱ्यांना आवडलं, की पुढची दहा पुस्तकं त्याचीच! गड्यानं आनंदाच्या भरात विमा ऑफिसातली नोकरी सोडून टाकली.

स्टुडिओ कुठला? कपड्यांचं कपाट! संध्याकाळी शेजारच्या पासिंगमावशींचा कराओके रेकायचा, म्हणून सकाळी बायकोच्या झग्यांत डोकं खुपसून स्वारी वाचायला बसायची.

"पाठवण्याआधी एकदा ऐक तरी!" बायको मारिलू म्हणाली.

"मोगरा कधी स्वतःचा वास घेतो का गं?" म्हणत यानं दिलं पाठवून!

आणि ऐकणाऱ्यांची मतं आली की हो! पाच तारे! पाच तारे!

'डॉक्टर, सकाळचा प्रश्नच मिटला!'

'इतका सोपा उपाय! मी तर दोन पेले घेते.'

'सासूबाईंनाही सुरू केलंय.'

"काय सुरू केलंय?" मारिलूनं विचारलं.

"तब्येत सुधारायला लागलीय गं लोकांची, माझ्या आवाजानं!"

तेवढ्यात प्रकाशनाच्या लुर्देस मॅडमचा फोन. "आन्सेल्मो, तिसरं प्रकरण ऐका. आत्ताच्या आत्ता!"

ऐकलं. त्याचाच भारदस्त आवाज. 'मग सकाळी उठल्याउठल्या खावं तरी काय? विज्ञानाचं उत्तर एकच...' इथं त्यानं नाटकातल्या राजासारखा श्वास घेतला होता. आणि नेमकी तेव्हाच, भिंत, कपाट, झगे सगळं भेदून, फेरीवाल्या तेम्योंगकाकांची आरोळी घुसली होती, "ताहोऽऽऽ!"

ताहो! पेलाभर गरम लुसलुशीत टोफू, वर साबुदाणा, आणि त्यावर गुळाच्या पाकाची ही धार!

"माझे पेशंट पेले घेऊन दवाखान्यात येतायत!" मॅडमच्या हातून फोन घेऊन डॉक्टर व्हियारुझ कडाडले. "वर म्हणतात, तुम्हीच सांगितलंत!"

पुन्हा वाचायचं ठरलं. आन्सेल्मो काकांना गाठायला धावला. "काका, सकाळी जरा गप्प राहा ना!"

"गप्प? अरे, लोक माझी सही मागतायत!" काकांनी मिशीवर ताव दिला. "आणि मधेमधे तू बोलतोस ना पुस्तकात, तेही बरं आहे हो. नाउमेद होऊ नकोस!"

शेवटी काकांना सुट्टीवर मुलीकडे धाडलं, तेव्हा कुठं आरोळीशिवाय पुस्तक निघालं. लगेच मतं आली. एक तारा! एक तारा!

'डॉक्टरांना का काढलं? हा पाठांतरवाला कोण? दीडपट वेगानं ऐकलं तरी संपेना!'

'पहिल्यात एकच शब्द होता, पण काळजातून होता!'

लुर्देस मॅडमचा पुन्हा फोन. "पुढची दहा पुस्तकं नक्की झाली. ऐकणाऱ्यांना तोच आवाज हवाय."

"मला ठाऊकच होतं, मॅडम!"

"मग तेम्योंगकाकांचा नंबर द्या."

काका आता एसी स्टुडिओत बसून वाचतात. मग गल्लीत ताहो कोण विकतं, म्हणता? आता नोकरी सोडलेल्या माणसानं करायचं काय!

पहिल्याच सकाळी खांद्यावर कावड घेऊन आन्सेल्मो चौकात उभा राहिला. छाती फुगवली, डोळे मिटले, सावकाश, भारदस्त सूर लावला, "ताऽऽऽ..." आणि घेतला की हो तो श्वास!

वरच्या खिडकीतून पासिंगमावशी खेकसल्या, "अरे मेल्या, दीडपट वेगानं ओरड! टोफू गार होतोय!"