देवयानीवरील मोहीम आणि राणीसाहेबांची ओढणी

श्रीनक्षत्रमंडळ साक्ष. शके १९४५, शोभननाम संवत्सरे, कार्तिक वद्य अमावास्येस एका राज्याचे राजे कुशाबाराव यांणी देवयानी दीर्घिकेवर मोहीम काढिली. देवयानी म्हणजे परकी आकाशगंगा. तिचा उजेड पंचवीस लक्ष वर्षे चालोन येतो आणि दिसतो चुन्याच्या बोटाएवढा डाग. मग राजे, राणी सुमेधाबाई, चार वर्षांची राजकन्या वेदा आणि वीस हौशी वीर पठारी उतरले. राणीसाहेब शिकलेल्या; विंचू, कडा, गारठा ऐसे चौदा शत्रू घरीच यादीत मांडोन, स्वेटरावर स्वेटर आणि त्यावर कानटोपी चढवोन त्यांणी कन्या सिद्ध केली होती. आकाशनवीस विसाजीपंत यांणी हुकूम फर्माविला की, अंधारास डोळे सरावावयास अर्धा तास लागतो, तोवर कोणी दिवा लावू नये. आणि राणीसाहेबांनी पाचव्याच मिनिटास मोबाइलाची बॅटरी पाजळोन कन्या मोजिली. एकच भरली. फौजेत हाहाकार जाहला.

"वहिनी, डोळे गेले आमचे! आता पुन्हा पहिल्यापासून!"

"तुमचे डोळे येतील हो परत. माझी पोरगी कड्यावरून परत येणारेय का?"

राजे म्हणाले, "अगं, कडा अर्धा कोस लांब आहे."

"तिला पळता येतं."

ऐसे तीन वेळा जाहले. मग पंत कोपोन वदले की, चौथा उजेड दिसताच मायलेकींची रवानगी गाडीत. कन्येने भोकाड पसरिले, "मला देवयानी बघायचीय!" तेव्हा राणीसाहेबांनी शस्त्र पर्समध्ये घातले, आणि ओढणीचे एक टोक आपल्या मनगटी, दुसरे कन्येच्या कमरेस बांधिले, आणि आपण हिसका द्यावा, उलट हिसका यावा, ऐसा बंदोबस्त केला. कन्या चतुर. तिने गाठ सोडोन टोक दुर्बिणीच्या तिवईस बांधिले आणि स्वारी पसार जाहली. मग राणीसाहेब हिसका देत, आणि पंत ओरडत, "अहो, पळाली देवयानी!" आणि तिवई सरळ करीत, आणि तोच हिसका राणीसाहेबांस पावोन त्या निश्चिंत होत. अर्धा तास ही धामधूम चालली. अखेर पंतांच्या हातास गाठ लागली.

"वहिनी, ही ओढणी तुमची?"

राणीसाहेबांचा हात पर्समध्ये गेला, बटणावर अंगठा ठेविला, आणि ध्यानी आले की अंगठा दिसतो आहे. गवत दिसते आहे. गाड्या दिसताहेत. आणि बारा पावलांवर, सतरंजीवर घोरणाऱ्या राजांच्या शेजारी, कानटोपी उताणी पडोन आभाळाकडे बोट करिते आहे.

"आई, दिवा नको हं," कन्या हळूच म्हणाली. "आत्ताच सापडलीय."

दिवा लागला नाही.

तात्पर्य, देवयानी राजकन्येने नुसत्या डोळ्यांनी सर केली आणि पंतांस ती पळताना दिसली. राजांचे विचारू नये. राणीसाहेबांस मान वर करणे काही साधले नाही. पंचवीस लक्ष वर्षांचा उजेड लेकीच्या तोंडावर जेवढा पडला, तेवढाच त्यांणी पाहिला, आणि पुष्कळ वेळ पाहिला.