पुढचा पाय कोणता?

समता तायडेने स्वतःचा स्नोबोर्ड घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या सासूबाई जनकाबाई यांनी एकच प्रश्न विचारला. "आपल्या खामगावात बर्फ कुठं पडते वं?"

"इथं नाही आई. गुलमर्गले. जानेवारीत पुन्हा जायचं आहे नं मले कोर्सले."

"मागच्या वर्षी गेलती तोच? जथं तू दिवसभर पडत होती?"

"तोच," समता म्हणाली आणि तिने ओठ आवळले. घरातल्यांना हे ओठ ठाऊक होते. लग्नानंतर स्कूटी शिकताना, बी.पी.एड.ची परीक्षा देताना आणि नळाच्या कनेक्शनसाठी नगरपालिकेत खेटे घालताना ते असेच आवळले गेले होते. काम होईपर्यंत ते सुटत नसत.

समता शाळेत खेळाची शिक्षिका होती. मागच्या हिवाळ्यात ती बर्फावरचा हा खेळ शिकायला गेली, तेव्हा फळी भाड्याची मिळाली. स्नोबोर्ड म्हणजे एक लांबट फळी. तिच्यावर आडवं उभं राहायचं, दोन्ही पाय पट्ट्यांनी आवळून घ्यायचे, आणि उतारावरून घसरत, वळत खाली यायचं. त्या पायपट्ट्यांना बाइंडिंग म्हणतात. भाड्याची फळी समतापेक्षा उंच होती आणि पलंगाच्या पाटीसारखी कडक. वळायला गेलं की ती सरळ जायची, आणि थांबायला गेलं की समता थांबायची, पण आडवी होऊन. शेवटच्या दिवशी शिक्षकांनी शेरा दिला, पुन्हा यावे. शाळेतल्या मुलींना तिने मोठ्या हौसेने व्हिडिओ दाखवला. मुली पोट धरून हसल्या. मग एक जण अगदी निरागसपणे म्हणाली, "मॅडम, उभ्या असतानाचा पण दाखवा ना."

तिथेच समताने मनाशी पक्कं केलं. मुख्याध्यापकांनी रजा दिली, पण हे शेवटचं असं बजावून दिली. आता फळी आपली, आपल्या मापाची, आणि या वेळी उभ्याने उतरायचं.

पुढचे काही दिवस ती पुस्तकी अभ्यासासारखी या विषयाच्या मागे लागली. फळी हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची असावी, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली आणि नवऱ्याकडून पेन्सिलची खूण करून घेतली. बूट घालून वजन केलं, बूट काढून केलं. फळी मऊ हवी की कडक, टोकं दोन्हीकडे सारखी हवीत की पुढचं लांब, पट्ट्या कशा हव्यात, यावर ती जेवतानाही बोलायची.

नवरा प्रसेनजित बँकेत कॅशियर होता आणि स्वभावाने नोटांइतकाच गप्प. तोही एकदा म्हणाला, "मी तुले पाह्याले आलो तवा तुनं एकच गोष्ट विचारली होती. नोकरी पर्मनंट हाये का."

"मंग? चुकलं काय?"

"नाही, चुकलं नाही. फळीले जास्त विचारून राह्यली, एवढंच."

अखेर एका रविवारी सकाळी समताने मनालीच्या एका दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि घर भोवती जमलं होतं. दुकानदार हिंदीत गोड बोलत होता. सगळी मापं घेऊन झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, आपकी रायडिंग स्टाइल क्या है?"

समता प्रामाणिक बाई. ती म्हणाली, "अब तक तो गिरने की है."

दुकानदार हसला, पण त्याला उत्तर पुरलं. मग मऊ फळी घ्या, म्हणाला. ती चूक सांभाळून घेते. बाइंडिंगही मऊच.

प्रसेनजितने याआधी एका पोराचा हवेत कोलांट्या मारतानाचा व्हिडिओ पाहिला होता. तो हळूच म्हणाला, "घेऊनच राह्यलो तं उड्या मारायची घे नं. पुढं कामात येईन."

"मले उड्या नाही मारायच्या. मले वळायचं आहे," समता म्हणाली, आणि मऊ फळी पक्की झाली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग दुकानदाराने शेवटचा प्रश्न विचारला. "रेगुलर या गूफी?"

म्हणजे उतरताना डावा पाय पुढे असतो की उजवा. डावा असेल तर रेगुलर, उजवा असेल तर गूफी. समता म्हणाली, डावा. का? तर मागच्या वर्षी सगळ्या रांगेलाच डावा पाय पुढे ठेवायला लावलं होतं म्हणून. दुकानदार म्हणाला, तो रांगेचा पाय झाला, तुमचा कोणता? त्याने उपाय सांगितला. कुणाला तरी मागून अचानक धक्का द्यायला सांगा. सावरताना जो पाय आपोआप पुढे पडेल, तो तुमचा. संध्याकाळपर्यंत कळवा, त्याप्रमाणे बाइंडिंग बसवून आजच पार्सल करतो.

समताने लगेच अंगणात जाऊन नवऱ्याकडे पाठ केली. "ढकला."

प्रसेनजितने झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा तिच्या पाठीला हात लावला. ती हललीही नाही.

"अहो, जोरात!"

"समता, माह्याच्यानं नाही होत. गल्ली पाह्यते."

जनकाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "सरक बाजूले," त्या मुलाला म्हणाल्या. "ह्याच्यात तुह्यं काम नाही. मी ढकलतो."

आणि त्यांनी ढकललं. जनकाबाईंनी उभं आयुष्य शेतात काम केलं होतं; हातात जोर होता. समता तीन पावलं पुढे गेली. डावा पाय आला. पुन्हा ढकललं, उजवा आला. पुन्हा डावा. शेवटी समता म्हणाली, "असं नाही जमत आई. तुमी मागं उभ्या आहा हे मले माहीत असते. मी आधीच पाय ठरवून ठेवते."

"मंग तू तुह्यं काम करत राह्य. मी कवा येईन ते सांगत नाही."

झालं. समता अंगण झाडायला लागली की जनकाबाई खांबाआडून निघायच्या. ती कपडे वाळत घालत असली की ओल्या चादरीमागून यायच्या. समता पडली तर लागू नये म्हणून त्यांनी अंगणात गादी आणून टाकली. कोणता पाय आला यावर वाद व्हायला लागले, म्हणून प्रसेनजितला मोबाइलवर पायांचा व्हिडिओ काढायला उभं केलं. तरी निकाल लागेना. समताचे कान तिखट होते. सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या की ती सावध व्हायची. जनकाबाईंनी बांगड्या वर सारून त्यांना फडकं बांधलं.

समोरच्या घराच्या गच्चीवर जयमाला मिरच्या वाळत घालत होती. तिला एवढंच दिसलं. सासू दबक्या पावलांनी येते, सुनेला मागून ढकलते, आणि नवरा बाजूला उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढतो. मग सासू म्हणते, "पुन्हा एकदा!"

जयमालाच्या हातातली मिरची हातातच राहिली. तिचं माहेर पिंपळगाव राजाचं, आणि समताचंही तिथलंच, एकाच गल्लीतलं. तिने भावाला फोन केला. भाऊ तसाच उठून समताच्या वडिलांकडे, सहदेवरावांकडे गेला. जाताना वाटेत दोघांनी विचारलं, त्यांनाही सांगितलं. त्यामुळे सहदेवरावांच्या दारी बातमी पोहोचली तेव्हा अंगणाची गच्ची झाली होती; सासू सुनेला गच्चीवरून ढकलते, अशी.

सहदेवराव जेवायला बसले होते. ते ताटावरून उठले. शेजारच्या रामरावांची जीप काढली, शेजारी रामरावांना बसवलं, आणि खामगावचा रस्ता धरला.

"पण ते गादी टाकून ढकलते, असं म्हणे," रामराव वाटेत विचार करत म्हणाले. "हे मले काई समजून नाही राह्यलं, सहदेवभाऊ."

"आवाज होऊ नाही म्हणून टाकली असन!" सहदेवराव गरजले. "अन् जवाई व्हिडिओ काढते! इतक्या वर्षात माह्या पोरीनं एक शब्द सांगतला नाही मले."

ते फाटकाशी आले तेव्हा समता फाटकाकडे पाठ करून अगदी मन लावून सायकल धूत होती. जनकाबाई दोन्ही हात उचलून, श्वास रोखून, चवड्यांवर तिच्यामागे निघाल्या होत्या. प्रसेनजितने सासऱ्यांना पाहिलं आणि घाईने ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा, अशी खूण केली.

"जयभीम," सहदेवराव सवयीने म्हणाले, आणि मग त्यांचा संताप उसळला. "ईनबाई! हात लावान तं पाह्या!"

ते दोघींच्या मध्ये पडायला धावले. पण मध्ये गादी होती. तिच्या काठात त्यांचा पाय अडकला, आणि सहदेवराव आपल्या सगळ्या वजनासकट लेकीच्या पाठीवर आदळून गादीवर पालथे पडले. समता सायकलवरून उडून पलीकडे गेली, तोल सावरला आणि उभी राहिली.



"उजवा!" जनकाबाई ओरडल्या. "उजवा आला! पाह्यलं का रे?"

"व्हिडिओत आला!" प्रसेनजित पहिल्यांदाच मोठ्याने बोलला.

सहदेवरावांनी गादीवरून मान वर केली. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "पोरीले ढकलता, अन् वरून खुशी मनवता?"

"बाबा," समता त्यांना उठवत म्हणाली, "आता तं तुमीच ढकललं मले."

"मी?"

"हाव सहदेवभाऊ," रामराव फाटकातून म्हणाले. "म्या पाह्यलं नं. तुमीच ढकललं."

मग सगळा उलगडा झाला. समताने फळी सांगितली, पट्ट्या सांगितल्या, मनाली सांगितली. सहदेवराव ऐकत राहिले, पण लगेच शांत झाले नाहीत, कारण तेवढ्यात प्रसेनजितने दुकानदाराला उजवा पाय कळवला आणि स्पीकरवरून आनंदाने आवाज आला, "अच्छा! तो मॅडम गूफी हैं!"

"गूफी म्हंजे काय?" सहदेवरावांनी विचारलं.

रामरावांनी मोबाइलमध्ये अर्थ शोधला आणि निरोप्याच्या निर्विकारपणे वाचला. "येडपट."

सहदेवरावांनी जावयाच्या हातातून फोन ओढला. "ओ भाऊ! हमारी पोट्टी बी.पी.एड. झालेली है! दो सौ पोट्ट्याइले परेड शिकवती है! उसको येडपट कायको बोला?"

"अरे अंकलजी," पलीकडचा आवाज नरमाईने म्हणाला, "मैं खुद गूफी हूँ. मेरे पिताजी भी गूफी थे."

सहदेवराव विचारात पडले. "घरचेच हाये का तुमी," ते म्हणाले, "मंग काई हरकत नाही," आणि फोन परत दिला.

फोन ठेवल्यावर मात्र खरी अडचण आली. सहदेवरावांनी साऱ्या गल्लीदेखत विहीणबाईंवर आरोप केला होता, आणि तो परत घ्यायचा कसा हे त्यांना सुचेना. जनकाबाई बांगड्यांवरचं फडकं सोडत होत्या.

"म्या तिले ढकललं," त्या कुणाकडे न पाहता म्हणाल्या, "ते तिथं पडू नाही म्हणून. मागच्या वर्षी परत आली तवा पोरीचे दोन्ही गुडघे काळेनिळे होते. म्या शेकले ते. तिनं तुमाले सांगतलं नसन."

"नाही सांगतलं," सहदेवराव हळू म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "माह्यं चुकलं, ईनबाई."

"चुकलं तं चुकलं. जेवाले बसा. ताटावरून उठून आले असान."

जयमाला मिरच्यांचं सूप हातात घेऊन फाटकाशी घुटमळत होती. "मावशी, मले वाटलं..."

"ये आत," जनकाबाई म्हणाल्या. "तुह्याच मेहरबानीनं खराखुरा धक्का भेटला. पण पुढच्या बारीले आधी मले विचारजो."

पार्सल आलं. फळी समताच्या हनुवटीशी बरोबर टेकली, पट्ट्या बुटांना बिलगून बसल्या, आणि उजवा पाय पुढे. जनकाबाईंनी तिला घरातच फळीवर उभं केलं, भोवती फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कोणाच्या बापाची ताकद नाही तुले पाडाची." मग सहदेवरावांची आठवण होऊन त्यांनी शब्द बदलला. "कोणाचीच नाही."

जानेवारीत समता गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, आणि रोज तिचा आवाज थोडा अधिक ताठ व्हायचा. परीक्षेच्या दिवशी फोन उशिरा आला. पडद्यावर लाल नाक, टोपीवर बर्फ, आणि सुटलेले ओठ.

"पास झाली आई. पहिल्या श्रेणीत."

जनकाबाईंनी पडद्यालाच हात लावला. "अन् उजव्या पायानंच उतरली नं? आपण काढला त्याच्यानं?"

"आधी उजव्या पायानं. वळणं, थांबणं, सगळं केलं. मंग साहेब म्हणाले, आता डावा पाय पुढं घेऊन उतरून दाखवा. या परीक्षेत दोन्हीनं यावं लागते म्हणे."

"मंग?"

"मंग काय. उतरली."

फोन ठेवून झाल्यावर त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"पास झाली एवढंच सांगजो तिच्या बापाले. पायाचं नको सांगू."

"काऊन?"

"आताच्या आता जीप काढतीन," जनकाबाई म्हणाल्या, "अन् मनालीले जातीन, त्या दुकानदाराच्या दारी."