श्वास चालू हाय ना?

रोज दुपारी चार वाजता शेजारचे गजाननकाका मला फोन करतात आणि कसलाही नमस्कार-चमत्कार न करता विचारतात, "श्वास चालू हाय ना?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातून चहाचा कप पडायचाच बाकी होता.

पण प्रश्न बिनबुडाचा नाही. मागच्या वर्षी कोन गावात मैत्रिणीच्या शेतावर मला गोचीड चावली आणि अल्फा-गॅल नावाची ॲलर्जी जडली. मटण बंद, आणि माझ्या बाबतीत दूध-तूपही बंद; मासे-कोळंबी मात्र चालते. गंमत म्हणजे खाल्ल्यावर लगेच काहीच होत नाही. चार-पाच तासांनी अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो. एकदा जीवावरच बेतलं होतं, तेव्हा काकांनीच रस्त्यात आडवं होऊन रिक्षा थांबवली. म्हणून माझं अकराचं खाणं झालं की त्यांचा चारचा फोन.

काका न्हावा शेवा बंदरात कंटेनर तपासायचे. निवृत्त झाले, तपासणी सुटली नाही. माझं प्रत्येक पाकीट आधी त्यांच्याकडे जातं. "कागद सोड, आत माल काय हाय ते बोल," हे त्यांचं पालुपद.

एकदा मी मोठ्या ऐटीत हिरव्या टिपक्याचे टोमॅटो चिप्स आणले. काकांनी पाकीट हिसकावलंच. भिंग लावलं, आणि मसाल्यात चक्क दुधाची पावडर! मी हबकले. त्याच दुकानातलं तपकिरी खुणेचं कोळंबीचं पाकीट मात्र त्यांनी पास केलं. माझ्या माळकरी सासूबाईंना हे अजून पचलेलं नाही.

एका चिवड्यावर नुसतंच 'फ्लेवर' लिहिलं होतं. काकांनी थेट कंपनीला फोन लावला.

"ताई, आत जनावर हाय का नाय?"

"सर, आपलं प्रॉडक्ट प्युअर व्हेज आहे."

"मंग दूध काय झाडाला लागतं?"

पलीकडच्या मुलीने कॉल होल्डवर टाकला. मी लाजेने ओढणीत तोंड लपवलं.

गेल्या शनिवारी चार वाजून गेले तरी फोन आला नाही. आधी बरं वाटलं. मग चिवडा न खाताच मला धाप लागली. फोन लावला तर बंद. तशीच अनवाणी धावले.

दार उघडायला काकांना बराच वेळ लागला. गुडघा आखडलेला, फोन दुरुस्तीला दिलेला. घरात एकटेच. मुलगा परदेशात, त्याच्याकडून रोज सकाळी गुलाबाचा फोटो येतो, बाकी काही नाही. भीतीने मला रडूच येत होतं. मी ओरडले, "काका, श्वास चालू आहे ना?"

  काकांनी टेबलावरचं पाकीट उचललं आणि भिंगाशिवायच वाचायला लागले.

"हाय," ते म्हणाले, "चालू हाय."

मग पाकिटावरून नजर न काढता, अगदी हळू, "उद्या पन इचारशील?"