पोटाचा वार शनिवार

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्याला लागून परिचारिकांची शाळा निघाली, तेव्हा पहिली अडचण रुग्णांची आली. रुग्ण पुष्कळ होते, पण शिकवण्याच्या उपयोगाचे नव्हते. ते ऐन तासाला बरे होत, कधी न विचारता मरत, आणि ज्या दिवशी धड्यात हाड मोडायचे असे, त्या दिवशी सगळेच्या सगळे जुलाबाचे येत. शाळेच्या मुख्य सिस्टर प्रभावतीबाई यांनी वर कळवले की, अभ्यासासाठी एक कायम, भरवशाचा आणि शिस्तीचा रुग्ण मिळावा. वरच्यांना मागणी रास्त वाटली. त्यांना रास्त काय वाटेल याचा नेम नसतो.

‘अभ्यास-रुग्ण’ असे पद मंजूर झाले. अट एकच होती: उमेदवार पूर्ण निरोगी असावा. बाभुळगावचा उकंडा निवडला गेला, कारण त्याला जन्मात कधी पडसे झाले नव्हते आणि डॉक्टरांनी ठोकून, दाबून पाहिले तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यात जे अवयव जिथे होते, ते त्याच्या अंगातही तिथेच निघाले. सरकारी तक्ता आणि माणूस यांचे असे जमणे दुर्मीळच.

शाळेच्या फळ्यावर उकंडाचे वेळापत्रक लिहिले गेले. सोमवारी हात मोडणे, मंगळवारी मूर्च्छा, बुधवारी ताप, गुरुवारी साप चावणे, शुक्रवारी भाजणे. आणि शनिवारी, शाळा अर्धा दिवस म्हणून, पोटदुखी. रविवारी त्याला ठणठणीत राहायची मुभा होती. उकंडा कामात इतका तयार झाला की, गुरुवारी त्याच्या तोंडाला फेस आला म्हणजे नव्या मुली रडत. कौतुक नव्हते ते फक्त त्याच्या बायकोला, कौसल्याला. त्याने घरी जरा हुं केले की ती म्हणे, “कण्हाचं ते शाळेत कण्हा. घरी कायले वाया घालून राह्यले?”

वार्षिक परीक्षेचा दिवस सोमवार होता. नागपूरहून परीक्षक बाई आल्या होत्या. उकंडाचा हात बांधायची पाळी जमनीची होती. ही उमरखेडकडच्या तांड्यावरून शिकायला आलेली, बोलायला धीट मुलगी. आणि नेमके त्याच सकाळी उकंडाचे पोट खरोखर दुखू लागले.

“सिस्टरबाई, पोट लय दुखून राह्यलं जी,” तो म्हणाला.

“आज सोमवार आहे,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

“मले समजते जी. पोटाले नाही समजून राह्यलं.”

“उकंडा, आज तुमचा हात मोडला आहे. एका दिवशी दोन आजार घ्यायचे तर वरची मंजुरी लागते. शनिवारपर्यंत धीर धरा.”

जमनीने हाताला फळी बांधायला घेतली, तर उकंडाचा दुसरा हात पोटावर. तिने कपाळ पाहिले. ते तव्यासारखे तापले होते.

“उकंडाभाऊ, ताप तं बुधवारी असते ना?”

“हा सरकारी नाही, बाई. हा माह्या घरचा हाये.”

जमनीने त्याच्या पोटाच्या उजव्या अंगाला खाली हलकेच दाबले. उकंडा असा ओरडला की बाहेरच्या बाभळीवरचे कावळे उडाले. परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. “अभिनय उत्तम. पण हात मोडलेला रुग्ण पोट का धरतो? विद्यार्थिनीचा रुग्णावर ताबा नाही.” त्यांनी जमनीचे मार्क कापले.

“मार्क कापा, बाई,” जमनी म्हणाली, “पण याचं आंत्रपुच्छ बी आजच कापा लागते. नाही तं ते फुटन अन हा मरन.”

“मरण अभ्यासक्रमात नाही,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

जमनीने उकंडाला धरून भिंतीपलीकडच्या दवाखान्यात नेले. तिथे कारकून देवराव बसले होते.

“धंदा?” देवरावांनी विचारले.

“रुग्ण,” उकंडा कण्हत म्हणाला.

देवरावांनी टाक खाली ठेवला. “तुमी तं आधीच रुग्ण हाये. एका माणसाले दोनदा रुग्ण कसं करू?”

“मंग याले आजारपणाची रजा द्या,” जमनी म्हणाली.

“रजेले दाखला लागते, का माणूस कामाले लायक नाही. याचं काम काय? आजारी राहणं. अन आज तं हा पयल्यांदाच कामाले पुरा लायक दिसून राह्यला.”

या युक्तिवादात मला आजही खोट सापडत नाही, आणि त्याचाच मला संताप येतो. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी पोट दाबले, मान हलवली. पण भरती न झालेल्या माणसाला चाकू लावणे म्हणजे कायद्याने मारामारी, म्हणून तेही हात चोळत उभे राहिले. उकंडा बाकावर पांढरा पडत चालला होता.

जमनी वाद घालत बसली नाही. ती पळत शाळेत गेली, फळ्यावर सोमवारपुढचे ‘हात’ पदराने पुसले आणि तिथे ‘पोट’ लिहिले. मग परीक्षक बाईंसमोर हात जोडून म्हणाली, “बाई, तुमी एवढ्या दुरून आल्या. तुमच्यासमोर आंत्रपुच्छ पाहाचं असं समद्या पोरींच्या मनात हाये.”

परीक्षक बाई प्रसन्न झाल्या. त्यांनी मान डोलावली आणि त्या क्षणी उकंडाची पोटदुखी कायदेशीर झाली. त्याला शिकवण्याचे साहित्य म्हणून टेबलावर घेतले गेले. साहित्य वाचले. आंत्रपुच्छ बरणीत घालून शाळेत ठेवण्यात आले.

बरा होऊन उकंडा कामावर आला, तेव्हा प्रभावतीबाईंनी त्याला तक्त्यापुढे उभे केले. तक्त्यात आंत्रपुच्छ होते, त्याच्यात नव्हते. अवयव अपुरे म्हणून त्याची नोकरी गेली. त्याच्या जागी ती बरणी नेमण्यात आली. ती वेळेवर हजर असते आणि घरचे आजार आणत नाही.

परीक्षक बाईंना मात्र वेळापत्रकाची कल्पना फार आवडली. त्यांच्या शिफारशीवरून फळा शाळेतून काढून, त्यात डोळे, दात असे राहिलेले आजारही वारांत बसवून, दवाखान्याच्या दाराला लावण्यात आला, सर्व जनतेसाठी. थोड्याच दिवसांत केळापूरपासून उमरखेडपर्यंत माणसे वार पाहून आजारी पडू लागली. मागच्या मंगळवारी कौसल्याची दाढ ठणकू लागली, तर उकंडा म्हणाला, “दात शुक्रवारी हाये.” तिने गालाला फडके बांधले आणि ती शुक्रवारची वाट पाहू लागली.

आता तुम्ही हसत असाल. पण तुमच्या गावच्या दवाखान्याच्या दारावरही पाटी आहे, डोळे बुधवारी, दात शुक्रवारी. ती तुम्ही वाचली आहे आणि सुजलेला गाल धरून शुक्रवारपर्यंत थांबलाही आहात. तेव्हा तुम्हाला हसू आले नव्हते.